पाखरू टिपणे : उडत्या पक्ष्याच्या छायाचित्राचा एक इतिहास

उडता पक्षी माणसाने पहिल्यांदा केव्हा पाहिला? प्रश्न विक्षिप्त वाटेल. घार, गिधाड, करकोचा हे माणसाच्याही आधीपासून आकाशात आहेत, आणि त्यांच्याकडे मान वर करून पाहणे हा माणसाचा फार जुना उद्योग आहे. तरीही 'पाहणे' या क्रियापदाचा अर्थ जरा कसून घेतला, तर या प्रश्नाला उत्तर म्हणून एक साल सांगता येते : १८८२. त्या वर्षी पंखाची एक फडफड नेमकी कशी घडते हे टप्प्याटप्प्याने दाखवणाऱ्या प्रतिमा, मोकळ्या हवेत उडणाऱ्या पक्ष्याच्या पाठीवर कोणतेही यंत्र न बांधता, माणसाच्या हाती आल्या. त्याआधी होते ते अनुमान, निरीक्षण आणि कल्पना. यांपैकी एकही गोष्ट हलक्या प्रतीची नव्हे; पण त्या तिन्हींची सरमिसळ आपण 'दिसले' या एकाच शब्दाखाली खपवत होतो.

या विधानाला पुरावा चित्रकलेचा आहे. युरोपीय चित्रपरंपरेतील उडते पक्षी काढून पाहिले, तर बहुतेकांचे पंख वर उचललेले दिसतात. पंख खाली घेतलेला, पोटाखाली वळलेला पक्षी क्वचितच सापडतो. वास्तविक पंख जितक्या वेळा वर जातो तितक्याच वेळा खालीही येतो. मग चित्रकाराच्या डोळ्याने एकच अवस्था का निवडली? उंचावलेला पंख हे उड्डाणाचे चिन्ह झाले होते, आणि एकदा चिन्ह पक्के झाले की डोळा तेच शोधू लागतो. याउलट जपानी चित्रकारांनी खाली आलेल्या पंखांचे पक्षीही निःसंकोचपणे रेखाटले होते. ही तफावत ज्याच्या लक्षात आली तो कोणी कलासमीक्षक नव्हता; एक फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ होता. त्याचे नाव एत्येन-ज्यूल मारे.

मारे (१८३०–१९०४) यांचा मूळ विषय हृदय आणि नाडी. शरीराच्या आतील हालचालींनी स्वतःच आपली रेघ कागदावर ओढावी, मध्ये माणसाच्या इंद्रियांची लुडबुड नको, ही त्यांची आयुष्यभराची धारणा होती. १८६० मध्ये त्यांनी नाडीची गती रेखाटणारे यंत्र सिद्ध केले. पुढे हाच न्याय त्यांनी पक्ष्यांना लावला. कबुतरासारख्या पक्ष्याच्या अंगावर पट्टे बांधायचे, पंखाशी हवेने भरलेल्या लहानशा डब्या जोडायच्या आणि रबरी नळ्यांतून येणाऱ्या दाबाने काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर रेघ उमटवायची, अशी ही योजना होती. या प्रयोगांचा वृत्तांत त्यांच्या १८७३ मधील 'ला माशीन आनिमाल' या ग्रंथात आहे. पक्षी उडत होता, पण नळ्यांच्या लगामात. रेघ खरी होती. उड्डाण मात्र कितपत खरे होते, हा प्रश्न उरत होता.

या ग्रंथाचा एक वाचक अमेरिकेत होता. लीलंड स्टॅनफर्ड या घोड्यांच्या शौकीन धनिकाला घोड्याच्या चालीविषयीच्या मारे यांच्या निष्कर्षांनी कुतूहल वाटले, आणि त्याच्या आश्रयाने एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८ मध्ये पालो आल्टो येथे धावत्या घोड्याची ती प्रसिद्ध छायाचित्रमालिका घेतली. धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडून ठेवले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ही छायाचित्रे पॅरिसच्या 'ला नात्यूर' या नियतकालिकात छापून आली. मारे यांनी ती पाहिली आणि संपादक गास्तों तिसांदिए यांना लगोलग पत्र लिहिले. पक्ष्यांच्या उड्डाणाचे कोडे सोडवायला मायब्रिज मदत करतील काय, अशी त्यात विचारणा होती. आणि स्वतःच्या मनात घोळत असलेल्या एका छायाचित्र-बंदुकीचा उल्लेखही होता.

१८८१ मध्ये मायब्रिज पॅरिसला आले. सोबत कबुतरांची काही छायाचित्रे होती. मारे यांची निराशा झाली. कारण समजण्याजोगे आहे. घोडा ठरलेल्या वाटेने धावतो; त्याच्या वाटेवर कॅमेऱ्यांची रांग लावता येते. पक्ष्याला वाट नसते. शिवाय मारे यांना हवी होती ती एकाच पंखाच्या एकाच फडफडीतील कालक्रमाची साखळी. सुटे सुटे क्षण त्यांच्या उपयोगाचे नव्हते. कॅमेऱ्यानेच पक्ष्याच्या मागे वळायला हवे होते.

उत्तर एका खगोलशास्त्रज्ञाकडे सापडले. ज्यूल जान्सेन यांनी डिसेंबर १८७४ मध्ये जपानात सूर्यबिंबावरून होणारे शुक्राचे संक्रमण टिपण्यासाठी एक 'छायाचित्र-पिस्तूल' वापरले होते. त्यात एका गोल काचेच्या कडेने, साधारण दीड सेकंदाला एक या वेगाने, ४८ प्रतिमा उमटवण्याची योजना होती. शुक्राला हा वेग पुरेसा. पंखाला अगदीच अपुरा. परंतु १८८० च्या सुमारास ओल्या कोलोडियनच्या काचांची जागा जिलेटिन-ब्रोमाइडच्या कोरड्या काचा घेऊ लागल्या होत्या. त्या कितीतरी अधिक संवेदनशील होत्या, आणि आधी तयार करून जवळ बाळगता येत. १८८२ च्या हिवाळ्यात नेपल्सजवळच्या पोसिलिपो येथील आपल्या घरी मारे यांनी आपली बंदूक सिद्ध केली. नळीत भिंग, मागच्या गोल पेटीत घड्याळासारखी यंत्रणा आणि फिरती काच, खाली चाप. चाप ओढला की काच सेकंदाला १२ वेळा थांबे आणि प्रत्येक थांब्यावर सेकंदाच्या ७२० व्या भागापुरता प्रकाश आत येई. खांद्याला दस्ता लावून पक्ष्यावर नेम धरायचा आणि तो जाईल तिकडे नळी फिरवत राहायचे. या बंदुकीत जीव घेण्यासारखे काहीही नाही, असे मारे यांनी आईला पत्रातून कळवले होते.

येथे मोठ्या पक्ष्यांचे महत्त्व लक्षात येते. पक्ष्याचा आकार वाढतो तशी पंखांची फडफड साधारणतः मंदावते. कबूतर सेकंदाला आठच्या आसपास वेळा पंख मारत असेल, तर १२ प्रतिमांच्या बंदुकीतून एका फडफडीच्या वाट्याला जेमतेम दीड प्रतिमा येते. त्यावरून काय कळणार? पण समुद्रावरचा कुरव सेकंदाला तीनदा पंख मारतो. म्हणजे एका फडफडीच्या चार अवस्था हाती लागल्या. चार म्हणजे फार नव्हेत. पण चार बिंदूंवरून वक्ररेषेचा अंदाज बांधता येतो. करकोचा आणि पेलिकन, म्हणजे आपला झोळीवाला, या गणितात अधिकच सोयीचे. मोठा पक्षी भव्य दिसतो म्हणून छायाचित्राच्या इतिहासात प्रथम आला, असे नव्हे. तो सावकाश उडतो, आणि तेव्हाच्या यंत्राला तेवढाच वेग झेपत होता, म्हणून आला. सौंदर्याच्या इतिहासात अशी रोकडी कारणे बरीच असतात, आणि आपण ती सहसा विसरतो.

आता एका मराठी शब्दाकडे वळू. पाखरू दाणे टिपते. शिकारी पाखराला टिपतो. छायाचित्रकार क्षण टिपतो. विद्यार्थी वहीत टिपणे घेतो. या चारही क्रियांना आपल्या भाषेने एकच धातू दिला आहे, आणि त्या सर्वांत एक समान कृती आहे : पसरलेल्या, वाहत्या गोष्टींतून नेमकी एक वेचून घेणे. मारे यांची बंदूक हे या शब्दाचे जणू यंत्ररूपच म्हणावे लागेल. तिचा आकार शिकाऱ्याचा, हेतू टिपणकाराचा. हे साम्य वरवरचे नाही. त्याआधीचे पक्षिचित्रण खऱ्या बंदुकीवरच उभे होते. जॉन जेम्स ऑड्युबॉन (१७८५–१८५१) यांच्या अमेरिकी पक्ष्यांच्या जगप्रसिद्ध चित्रांसाठी पक्षी आधी मारले जात आणि मग तारांच्या आधाराने जिवंत वाटतील अशा पवित्र्यात मांडले जात. उड्डाणाचे चित्र काढायचे तर आधी उड्डाण संपवावे लागे. मारे यांच्या बंदुकीने हा व्यवहार उलटवला. पक्षी निघून गेला आणि तरीही चित्र हाती राहिले.

अर्थात हे स्वातंत्र्यही फार दिवस टिकले नाही. त्याच वर्षी पॅरिसच्या बुआ द बुलोन्य परिसरात शरीरशास्त्रीय केंद्र सुरू झाले. जॉर्ज देमेनी हे तेथे मारे यांचे साहाय्यक होते. तेथे मारे यांनी बंदूक बाजूला ठेवून नवी पद्धत अवलंबिली. एकच कॅमेरा, एकच स्थिर काच आणि समोर फटी पाडलेली फिरती तबकडी. प्रत्येक फट समोर आली की त्याच काचेवर आणखी एक प्रतिमा उमटे. यासाठी मागे गडद काळोख हवा आणि पुढे जाणारा पक्षी पांढरा हवा. काळ्या मखमलीने मढवलेल्या पडवीसमोरून पांढरे पक्षी उडवले गेले. पेलिकनचे ते प्रसिद्ध छायाचित्र याच काळातले : एकाच काचेवर एकच पक्षी अनेकदा, पंख एकमेकांत गुंतलेले. आपल्या ओळखीचा पक्षी त्यात नाही. पक्ष्याच्या जाण्याची आकृती आहे.

या पद्धतीत एक पेच होता, आणि आमच्या मते या सगळ्या इतिहासातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट तीच आहे. काळाचे तुकडे जितके बारीक करावे, तितक्या प्रतिमा एकमेकींवर चढत आणि पक्ष्याचे रूप नाहीसे होई. रूप स्वच्छ हवे असेल, तर प्रतिमांमधील अंतर वाढवावे लागे आणि मधली गती निसटे. काळ अचूक हवा की आकार अचूक हवा, दोहोंपैकी एकाची निवड भाग होती. मारे यांनी या पेचातून बाहेर पडण्यासाठी तीन दिशांनी छायाचित्रे घेतली, आणि १८८७ मध्ये कुरवाच्या उड्डाणाच्या अवस्था चक्क शिल्परूपात घडवल्या. काचेवर न मावणारे उड्डाण त्यांनी धातूत ओतले. पुढे लवचीक पट्टीवरील छायाचित्रण आले आणि पेच तांत्रिक दृष्ट्या सुटला. १८९० मध्ये 'ल व्होल देझ्वाझो' हा त्यांचा पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंख खाली येताना तो पुढेही जातो आणि वर जाताना मनगटाशी दुमडत मागे सरतो, ही आज साधी वाटणारी गोष्ट या प्रतिमांनी ठसठशीत केली.

याच सुमारास प्रशियात ओटोमार आन्शुट्झ (१८४६–१९०७) हे छायाचित्रकार अगदी वेगळ्या वाटेने चालले होते. १८८४ मध्ये त्यांनी पांढऱ्या करकोच्यांची छायाचित्रे घेतली. भिंगाजवळची झडप न वापरता काचेच्या अगदी पुढून सरकणारी फट त्यांनी योजली, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत प्रकाशकाल खाली आणला. त्यांच्या छायाचित्रांत घरटे आहे, पिसांची बोटे आहेत, खाली उतरताना पुढे आलेले पाय आहेत. मारे यांचा पेलिकन म्हणजे आलेख. आन्शुट्झ यांचा करकोचा म्हणजे व्यक्ती. हाच पांढरा करकोचा हिवाळ्यात भारतातही येतो आणि दख्खनच्या माळांवर टोळ टिपत फिरतो. या इतिहासातील एक नायक आपल्याही शेजारचा आहे, एवढ्यासाठी हा उल्लेख.

करकोच्यांचा आणखी एक अभ्यासक बर्लिनजवळ होता : ओटो लिलिएन्टाल (१८४८–१८९६). पक्ष्यांचे उड्डाण हा माणसाच्या उड्डाणकलेचा पाया आहे, असे नावातच सांगणारा त्यांचा ग्रंथ १८८९ मध्ये निघाला. पंखाचा किंचित कमानदार छेद सपाट फळीपेक्षा हवेत अधिक उचल देतो, हे त्यांनी मोजून दाखवले. १८९१ पासून ते स्वतः पंख बांधून टेकड्यांवरून तरंगू लागले, आणि १८९३ मध्ये त्यांची छायाचित्रे कोणी घेतली? करकोचे टिपणाऱ्या आन्शुट्झ यांनीच. ९ ऑगस्ट १८९६ रोजी लिलिएन्टाल कोसळले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. अमेरिकेत विल्बर राइट यांना या विषयाचे वेड लागले ते या मृत्यूच्या बातमीने; आणि घरच्या पुस्तकांतून त्यांनी वाचायला काढलेल्या ग्रंथांत मारे यांच्या १८७३ च्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर होते, असे त्यांनी स्वतःच १९०१ मध्ये सांगितले आहे. १७ डिसेंबर १९०३ चे पहिले यंत्रोड्डाणही जगाला ठाऊक आहे ते एका छायाचित्रातूनच.

येथपर्यंतची कथा विज्ञानाच्या विजयाची आहे. साहित्याच्या अभ्यासकांना मात्र पुढची तक्रार अधिक जवळची वाटेल. ज्या कोलेज द फ्रान्समध्ये मारे शिकवत, तेथेच १९०० मध्ये आन्री बर्गसाँ प्राध्यापक झाले. १९०७ च्या 'लेव्होल्यूस्याँ क्रेआत्रिस' मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले, की आपली बुद्धी चलत्चित्राच्या यंत्रासारखी चालते : प्रवाहातून स्थिर तुकडे कापते, त्यांच्यामागे एक अमूर्त गती लावून देते आणि त्यालाच परिवर्तन समजते. झीनोचा बाण प्रत्येक क्षणी स्थिर असतो असे मानले, की तो उडतच नाही. पक्ष्याचेही तेच. ओग्यूस्त रोदँ यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाषणांत हाच मुद्दा कलावंताच्या बाजूने मांडला : वास्तवात काळ थांबत नाही, म्हणून थांबलेला क्षण दाखवणारे छायाचित्र खोटे आणि अनेक क्षण एका आकृतीत मुरवणारा शिल्पकार खरा.

हा आक्षेप वजनदार आहे. तरी तो मारे यांना पुरता लागू पडत नाही, असे आम्हांला वाटते. एक तर मारे यांना चित्रे हलवून दाखवण्यात विशेष रस नव्हता. डोळ्याला जे आधीच दिसते तेच पडद्यावर पुन्हा दाखवून काय साधले, असा त्यांचा सवाल होता. दुसरे म्हणजे, त्यांच्या पेलिकनच्या काचेवर एकही क्षण एकटा नाही. तेथे आधीचा पंख नंतरच्या पंखात शिरलेला आहे. रोदँ यांना शिल्पात जे हवे होते, तेच येथे यंत्राने घडले आहे. चित्रकारांनी हे ओळखले. १९१२ मध्ये मार्सेल द्युशाँ यांनी जिना उतरणारी आकृती रंगवली आणि १९१३ मध्ये जाकोमो बाल्ला यांनी पाकोळ्यांच्या मार्गांचे चित्र केले, ते याच काचांचे ऋण घेऊन. खोटेपणाचा आरोप लावायचाच तर तो एकट्या, देखण्या, गोठलेल्या क्षणावर लावावा लागेल.

आपल्या परंपरेत निमिष म्हणजे पापणी लवण्याचा काळ, आणि देव अनिमिष. दमयंतीने नळरूप घेतलेल्या देवांना ओळखले, ते काही अंशी त्यांची पापणी लवत नव्हती म्हणून. कॅमेऱ्याची गोष्ट नेमकी उलट. तो सतत उघडा राहिला तर पांढरा धूर तेवढा उमटेल. पापणी लवते म्हणूनच त्याला दिसते. म्हणजे त्याचे पाहणे हे न पाहण्याच्या कालखंडांनी बनलेले आहे. दोन प्रतिमांच्या मध्ये काय घडले, हे त्याला विचारता येत नाही. वाचणाऱ्याने ते भरून काढायचे असते. कवितेच्या दोन ओळींमधील जागेशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आज सेकंदाला वीस किंवा अधिक प्रतिमा घेणारा कॅमेरा हौशी माणसाच्या गळ्यात असतो. मारे यांची काटकसर इतिहासजमा झाली. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला किंवा ठाण्याच्या खाडीत रोहित पक्ष्यांच्या, अर्थात फ्लेमिंगोंच्या, थव्यांची हजारो छायाचित्रे दर हंगामात निघतात. या चित्रांकडे पाहताना दोन गोष्टी जाणवतात. पहिली अशी, की शेकडो प्रतिमांतून जी एक निवडून लोकांपुढे येते, तिच्यात पंख बहुधा पूर्ण उचललेले किंवा पूर्ण पसरलेले असतात. मधल्या, अवघडलेल्या, मनगटाशी दुमडलेल्या अवस्था टाकून दिल्या जातात. ज्या संकेतातून कॅमेऱ्याने पक्ष्याला सोडवले, त्याच संकेतात आपण त्याला निवडीच्या वेळी परत नेऊन बसवतो. यंत्र बदलले, डोळ्याची सवय तशीच राहिली.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चिखलात शांतपणे चरणारा थवा उडाला तरच चित्र मिळते. मग होडी जवळ नेली जाते, कोठे टाळ्या वाजवल्या जातात. थवा उठतो आणि गुलाबी पंखांचे चित्र साजरे होते. त्या चित्रातील उड्डाण हे उड्डाण नव्हे. ते पलायन आहे. दूरच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती त्यात खर्ची पडते. मारे यांनीही पक्षी उडवले होते, पण ते लपवले नव्हते. पडवी, तबकडी, प्रतिमांमधील काळ हे सारे त्यांनी वाचकापुढे मांडले. आजच्या चित्रात होडी दिसत नाही. शिकाऱ्याचे टिपणे आणि टिपणकाराचे टिपणे यांतील जे अंतर १८८२ मध्ये मोठ्या कष्टाने निर्माण झाले होते, ते अशा वेळी पुन्हा पुसट होते.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिची रामसर स्थळांत नोंद झाली. २० मे २०२४ च्या रात्री मुंबईत घाटकोपर परिसरावर उतरणाऱ्या एका विमानाचा रोहितांच्या थव्याला धक्का बसला आणि तीसहून अधिक पक्षी मरून पडले. करकोच्याच्या पंखाकडे टक लावून ज्या यंत्राची विद्या माणूस शिकला, त्या यंत्राची ही बाजूही या इतिहासात नोंदवली पाहिजे. त्या उड्डाणाचे छायाचित्र नाही. छायाचित्रे आहेत ती जमिनीवर पडलेल्या पंखांची.

म्हणून आम्हांला वाटते, की उडत्या पक्ष्याच्या चित्रासोबत दोन ओळींचे टिपण असावे : जागा कोणती, वेळ कोणती, आधीची आणि नंतरची प्रतिमा कशी होती, आणि पक्षी आपणहून उडाला की उठवला गेला. मारे आपल्या चौकटीत घड्याळाची तबकडी आणि मापाची पट्टी ठेवत. तेवढ्याने चित्राचे सौंदर्य उणावले, असे त्या पेलिकनकडे पाहून तरी कोणी म्हणणार नाही.